शॉप, स्टोअर्स की मार्ट? पाटीवर काय लिहायचं?

नाशिकच्या पंचवटीत सासऱ्यांनी उभं केलेलं प्रोव्हिजन स्टोअर्स आहे, आता गंगापूर रोडला दुसरा गाळा घेतलाय आणि नव्या पाटीवर कोणता शब्द घालायचा यावरून घरात तीन पक्ष पडलेत, असा या ताईंचा प्रश्न. दिरांना 'मार्ट' हवंय. कॉलेजातली मुलगी म्हणते 'स्टोअर' लिहा, पण शेवटचा 'स' काढा. दुकान एक असताना 'स्टोअर्स' कसलं? आणि ताईंना स्वतःला शाळेतलं आठवतंय की लहान ते शॉप, मोठं ते स्टोअर. गाळा काही मोठा नाही, मग शॉपच बरोबर ना?

ताई, मी पाट्या करतो. वडील ब्रशने करायचे. सुतळीला खडू लावून पत्र्यावर रेघ पाडायची आणि मग ऑइल पेंट. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालो, दोन वर्षं क्लास घेतले आणि शेवटी वडिलांच्याच धंद्यात आलो. ब्रश गेला, रेडियम आलं, फ्लेक्स आला, आता आतून दिवे लावलेली ॲक्रिलिकची अक्षरं चालतात. या २८ वर्षांत पाटीचं सगळं बदललं, तिच्यावरच्या शब्दावरून होणारी भांडणं तेवढी तशीच आहेत. त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

मुळात तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. इंग्लंड-अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ काय, हा एक. रविवार कारंजावर रिक्षाची वाट बघणाऱ्या माणसाला तो शब्द वाचून काय वाटतं, हा दुसरा. शब्दकोश पहिल्याचं उत्तर देतो, गल्ला दुसऱ्यावर भरतो. पण पहिलं माहीत असलं की दुसऱ्यात फसगत कमी होते, म्हणून तिथून सुरू करतो.

शॉप आणि स्टोअर यांतला फरक बघायला सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्यात जा. तिथे प्रेस शॉप असतं, पेंट शॉप असतं, मशीन शॉप असतं. यातल्या एकाही शॉपमध्ये काही विकत मिळत नाही; तिथे काम चालतं. आणि त्याच कारखान्यात एका कोपऱ्यात जाळीच्या खिडकीमागे स्टोअर असतं. तिथे बेअरिंग, नटबोल्ट, हातमोजे रचलेले असतात आणि स्टोअरकीपर सही घेतल्याशिवाय एक वॉशरही देत नाही. आठवी नापास हेल्परसुद्धा या दोन शब्दांत कधी गल्लत करत नाही. काम चालतं ते शॉप, माल राहतो ते स्टोअर.

हे दोन्ही शब्दांचे जुने अर्थ आहेत, आणि ते कारखान्यांनी जपले. शॉपचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे, अर्थ साधारण टपरी, पडवी, छपरी. कारागीर छपरीत बसून काम करायचा आणि तिथेच विकायचा. जुन्या नाशकात तांबट ओट्यावर बसून हंडा ठोकायचा आणि मागच्या भिंतीला टांगलेली भांडी गिऱ्हाइकाला दाखवायचा, ते खरं या अर्थाने शॉप. म्हणून इंग्रजीत न्हाव्याचं 'बार्बर शॉप' असतं आणि गाड्यांचा पत्रा ठोकतात ते 'बॉडी शॉप'. दोन डॉक्टर लग्नाच्या पंगतीतही पेशंटबद्दलच बोलत बसले, तर इंग्रज म्हणतो हे 'शॉप' बोलताहेत, म्हणजे कामाच्या गप्पा मारताहेत.

स्टोअर जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे आहे लॅटिन. उभारणं, सज्ज करणं, भरून ठेवणं अशा अर्थाच्या क्रियापदावरून. म्हणजे स्टोअर हा मुळात साठा आहे, जागा नंतर. आपल्याकडे याला तंतोतंत शब्द आहे : भांडार. खादी भांडार, वस्त्र भांडार, ग्राहक भांडार. भाण्डागारावरून आलेला, भांडं आणि भांडवल यांच्या घरातला शब्द. ज्याने पहिल्यांदा 'स्टोअर्स'चं मराठी 'भांडार' केलं, त्याला इंग्रजी चांगलं कळत होतं.

आणि 'दुकान'? तो अरबी-फारसीतून आला आणि मुळात अरबीत त्याचा एक अर्थ ओटा, बसायची उंच जागा. सराफ बाजारातली 'पेढी' तशीच, पीठिकेवरून आलेली, म्हणजे बैठकच. आपण धंद्याला नाव दिलं ते मालक बसतो त्या जागेवरून, आणि इंग्रजीने कामावरून किंवा मालावरून. मला यात गंमत वाटते. तुम्हाला नसेल वाटत तर पुढे चला.

आता लहान-मोठं. शाळेतला नियम खोटा नाही, पण तो कारण सांगत नाही. इंग्लंडमध्ये रोजच्या बोलण्यात सगळी दुकानं शॉपच. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये इंग्रजांना 'दुकानदारांचं राष्ट्र' म्हटलं, ते शॉपकीपर म्हणूनच. स्टोअर हा शब्द तिकडे मोठ्या जागेला लागला, कारण खूप तऱ्हेचा माल साठवणाऱ्याला जागा मोठीच लागते. अमेरिकेत अठराव्या शतकातच माल साठवायची आणि विकायची जागा एकच धरून दोन्हीला स्टोअर म्हणायला लागले. किराण्याचं स्टोअर, हार्डवेअरचं स्टोअर, कोपऱ्यावरचं दहा बाय दहाचं तेही स्टोअर. शॉप उरलं ते जिथे काही करून मिळतं किंवा एखादीच खास वस्तू मिळते तिथे : कॉफी शॉप, फुलांचं शॉप, न्हाव्याचं शॉप. खरेदीला मात्र अमेरिकनही शॉपिंगच म्हणतो आणि दुकानातल्या चोराला शॉपलिफ्टर. क्रियापद म्हणून स्टोअर वापरलं की खरेदी होत नाही, साठवण होते. तुमच्या फोनमधल्या ॲप स्टोअरला कोणी ॲप शॉप म्हणालं नाही, कारण तो शब्द अमेरिकेतून आला.

तेव्हा तुमचा गाळा किती चौरस फुटांचा आहे यावर शॉप की स्टोअर ठरत नाही. तुम्ही पिठाची गिरणी चालवत असता, मसाले कुटून देत असता, तर मी शॉपच्या बाजूने विचार केला असता. तुम्ही साखर, डाळ, तेल, साबण आणून ठेवता आणि विकता. म्हणजे साठा. म्हणजे स्टोअर.

आता मुलीचा 'स'. ती पोरगी हुशार आहे, पण इथे तिला व्याकरणाने चकवलंय. 'स्टोअर्स'मधलं अनेकवचन दुकानांचं नाही, मालाचं आहे. इंग्रजीत 'स्टोअर्स' म्हणजे साठवलेलं सामान, शिधा, सरंजाम. इंग्लंडमधल्या खेड्यात एकुलत्या एका दुकानावरही 'व्हिलेज स्टोअर्स' लिहिलेलं असतं. लंडनमध्ये १८७१ साली लष्करी अधिकाऱ्यांनी सहकारी तत्त्वावर एक दुकान काढलं, ते पुढे 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स' म्हणून गाजलं. त्याची मुंबई शाखा काळा घोडा भागात होती, इमारत अजून उभी आहे. आणि त्याला जणू उत्तर म्हणून स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ च्या सुमारास, 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स' निघालं. लोकमान्य टिळक त्यामागे होते. साहेबाचं स्टोअर्स, स्वदेशीचंही स्टोअर्स. तिथून पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या किराणा, कापड, पुस्तकांच्या दुकानांना जे 'स्टोअर्स' लागलं ते याच वळणाचं. तुमच्या सासऱ्यांच्या पाटीत चूक नाही, तेव्हा तो 'स' काढून 'दुरुस्ती' करू नका.

'प्रोव्हिजन' म्हणजेही पुढची सोय पाहून भरलेला शिधा. फौजेच्या तोंडचा शब्द. आणि फौज तर आपल्या शेजारीच, देवळालीला. तिथल्या 'कँटीन'मधून लोक फ्रिज आणि साबण आणतात, चहा-वडा नाही. खात्याचं पूर्ण नावच 'कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट' आहे. (देवळालीने इंग्रजीला उलट भेटही दिली आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे शिपाई डोक्याने सटकायचे, म्हणून इंग्रजीत सटकलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. पूर्ण शब्द 'डुलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.)

आता दिरांच्या 'मार्ट'कडे येतो. इथे जरा थांबायला हवं, कारण या शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलला.

मार्ट हा डच भाषेतून इंग्रजीत आला, म्हणजे बाजारपेठच. पूर्वी आपल्याकडे टिंबर मार्ट, फर्निचर मार्ट, साडी मार्ट अशा पाट्या असायच्या, वडिलांनी कितीतरी केल्या. तेव्हा मार्टचा अर्थ एवढाच की इथे एकाच मालाचे पुष्कळ प्रकार मिळतील. अमेरिकेत १९६२ या एकाच वर्षी केमार्ट आणि वॉलमार्ट सुरू झाली, २००२ मध्ये पवईला डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं आणि त्यानंतर हळूहळू मार्ट म्हणजे ट्रॉली, स्वतःच्या हाताने माल उचलणं, बारकोड आणि छापील किमतीपेक्षा कमी दर, असं डोक्यात पक्कं झालं. हाताने माल उचलायची पद्धत स्वतः शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'पिगली विगली' नावाच्या किराणा दुकानाने ती सुरू केली. त्याआधी तिकडेही वाणी काउंटरमागून पुडी बांधूनच द्यायचा. सुपरमार्केट हा शब्दही याच पद्धतीवर उभा आहे. नुसतं मोठं दुकान म्हणजे सुपरमार्केट नाही.

म्हणून दिरांना माझा उलट प्रश्न : गंगापूर रोडला काउंटर असणार आहे का? गिऱ्हाईक बाहेर उभं राहून 'दोन किलो साखर, पाव किलो शेंगदाणे' सांगणार असेल तर मार्ट लिहू नका. सिडकोतल्या एका गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही, आणि मीही गुपचूप पैसे घेऊन बोर्ड लावला. आठ महिन्यांत ते परत आले. म्हणाले, लोक काउंटरला वळसा घालून थेट फळीपर्यंत येतात, डबे उघडून बघतात, आणि बिल झाल्यावर विचारतात की मार्ट ना तुमचं, मग डिस्काउंट कुठाय? माल तोच होता, भावही शेजाऱ्यापेक्षा जास्त नव्हता. पाटीनेच एक कबूल करून ठेवलं होतं आणि ते आत मिळत नव्हतं. तुमचा गाळा मोकळा असेल, दोन रांगा रॅक बसत असतील, बिलिंगला संगणक घेणार असाल आणि मोठ्या कंपन्यांच्या मालावर रुपया-दोन रुपये सोडायची तयारी असेल, तर मार्ट शोभेल. हे तुमच्या गाळ्यावर आणि खिशावर अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही. आणखी एक. मार्ट शब्द कोणाच्या बापाचा नाही, पण आधी एखादं अक्षर लावून, एखाद्या मोठ्या साखळीच्या रंगात आणि तिच्या अक्षरांच्या वळणात बोर्ड करून मागाल, तर मी करणार नाही. ट्रेडमार्कची नोटीस आली तर ती तुम्हाला येते, बोर्डवाल्याला नाही, पण माझी झोप जातेच.

मॉल तर तुम्ही लिहिणार नाहीच, तरी सांगतो. आपले लोक डीमार्टला जाऊन येतात आणि म्हणतात मॉलमध्ये गेलो होतो. मॉल म्हणजे एका छपराखाली अनेक मालकांची दुकानं. शब्द आला लाकडी हातोड्याने चेंडू मारायच्या एका जुन्या खेळावरून. लंडनमध्ये तो खेळ जिथे चाले त्या जागेचं नाव मॉल पडलं, मग झाडांच्या सावलीतल्या फिरायच्या रस्त्याला मॉल, आणि मग फिरता फिरता खरेदी करायच्या जागेला. सिमल्याच्या माल रोडवर फक्त फिरून परत येणारे लोक मूळ अर्थाला जास्त धरून आहेत.

बाकीच्या शब्दांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दिरांचं मन मार्टवरून उठलं की ते यातलाच एखादा काढतील.

'शॉपी' हा आपला घरचा शब्द. मोबाईल शॉपी, बिअर शॉपी, साडी शॉपी. इंग्रजीत शॉपचं एक मुद्दाम जुनाट वाटावं असं स्पेलिंग आहे, मागे 'पी' डबल आणि 'ई' लावलेलं, हौसेखातर वापरतात आणि बरेच जण उच्चार 'शॉप'च करतात. आपण ते अक्षरशः वाचलं आणि वर आणखी एक 'ई' चढवला. इंग्रज हसेल, पण महाराष्ट्रात याचा अर्थ ठरलेला आहे : एकाच वस्तूचं, लहान, रस्त्यालगतचं दुकान. किराण्याला शोभत नाही.

'वाइन शॉप'चा गोंधळ नाशकात जास्त जाणवतो. द्राक्षमळे आणि वायनरी बघायला आलेले परदेशी पाहुणे शहरात वाइन शॉपची पाटी पाहून आनंदाने आत जातात आणि समोर व्हिस्की-रमच्या बाटल्यांची भिंत. इंग्लंडमध्ये त्याला 'ऑफ-लायसन्स' म्हणतात, अमेरिकेत लिकर स्टोअर. आपल्याकडे दारूचं दुकान म्हणायला लाज वाटते म्हणून वाइनचं पांघरूण.

'कटलरी' तर मराठी मुलखाबाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. इंग्रजीत सुऱ्या, काटे, चमचे. आपल्याकडे टिकल्या, बांगड्या, रिबिनी, पिना. आणि 'जनरल स्टोअर्स'ही तसंच : अमेरिकन खेड्यात जनरल स्टोअरमध्ये पिठापासून खिळ्यांपर्यंत सगळं मिळायचं, आपल्याकडे जनरल म्हणजे साबण, पावडर, कंगवा, वही, पण तांदूळ नाही. तांदूळ हवा तर 'किराणा व जनरल' लिहावं लागतं. तुमच्याकडे दोन्ही असेल तर दोन्ही लिहा, लोक हे वाचतात.

'बुटीक' म्हणजे फ्रेंचमध्ये साधं दुकान, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तर कोठार! त्याच मुळावरून न्यूयॉर्कमधल्या गल्लीतल्या दुकानाला 'बोदेगा' म्हणतात आणि जुन्या इंग्रजीतल्या औषधविक्याला 'अपॉथेकरी'. आपल्याकडे बुटीक म्हणजे ब्लाउज शिवायला टाकले की महिनाभर मिळत नाहीत ती जागा. 'एम्पोरियम' भारदस्त आहे, पण हस्तकला आणि काश्मिरी शालींना चिकटून बसलाय. 'शोरूम'मध्ये माल दाखवायला असतो, गाड्यांसारखा. पोत्यांचं शोरूम कसं करणार? 'डेपो' म्हटलं की आपल्याला एसटी नाहीतर रद्दी आठवते. 'आउटलेट' कंपन्यांच्या बोलण्यात कोणत्याही विक्रीच्या जागेला म्हणतात, पण गिऱ्हाइकाला फॅक्टरी आउटलेट माहीत असतं, म्हणजे कारखान्याचा उरलेला किंवा किंचित डागाळलेला माल स्वस्तात. डाळीच्या दुकानावर आउटलेट वाचून माणूस डाळ जुनी आहे की काय असं विचारेल. 'डिपार्टमेंटल स्टोअर्स' हे आपलं इंग्रजी, तिकडे नुसतं डिपार्टमेंट स्टोअर, आणि त्यात कपडे, अत्तरं, भांडी अशी वेगवेगळी खाती असतात.

एक शब्द मात्र असा आहे जिथे चूक महागात पडते, तो औषधांच्या दुकानाचा. अमेरिकेहून शिकून आलेल्या एका तरुण फार्मासिस्टने माझ्याकडून हौसेने 'ड्रगस्टोअर' अशी पाटी करून घेतली. निरीक्षकांनी ती उतरवायला लावली, आणि बरोबर लावली. १९४५ च्या औषध नियमांत हे शब्द वाटून दिलेले आहेत : जिथे नोंदणीकृत फार्मासिस्टची गरज नाही अशा परवान्याला 'ड्रगस्टोअर', फार्मासिस्ट आहे पण चिठ्ठीनुसार औषध बनवून देण्याची सोय नाही, तिथे 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स', आणि फार्मासिस्टही आहे, औषध बनवून द्यायची सोयही आहे, तिथेच 'फार्मसी'. अमेरिकेत जे मोठं, ते आपल्या नियमात सगळ्यात खालच्या पायरीवर. त्या पोराने शिक्षण घेतलं होतं वरच्या पायरीचं आणि पाटीने त्याला खाली आणून बसवलं. पाटीचे पैसे आम्ही निम्मे निम्मे सोसले. नियम मलाही तेव्हाच कळला.

माझी स्वतःची लाजिरवाणी गोष्टही सांगून टाकतो. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेसमोरच्या दुकानाला १४ फुटी बोर्ड केला आणि 'स्टेशनरी'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ई'च्या जागी 'ए' लिहिला. इंग्रजी एम.ए.! 'ए' लिहिला की अर्थ होतो 'एका जागी थांबलेलं'. शाळेच्या बाईंनी रस्त्यापलीकडून वाचून दाखवलं. तेव्हापासून एन्व्हलपचा 'ई' म्हणत लिहितो. पण खरी मजा पुढे कळली : दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. मध्ययुगात बहुतेक विक्रेते डोक्यावर टोपली घेऊन हिंडायचे, आणि विद्यापीठाजवळ ठिय्या मांडून पुस्तकं विकणाऱ्याला लॅटिनमध्ये 'एका जागी असलेला' म्हणायचे. त्यावरून स्टेशनर, त्यावरून स्टेशनरी. म्हणजे माझी चूक सहाशे वर्षांपूर्वी फारशी चूक ठरली नसती. त्या बाईंना हे सांगायची हिंमत झाली नाही.

'रिटेल' शब्द तुमच्या जीएसटीच्या कागदांवर येईल, म्हणून तोही. जुन्या फ्रेंचमध्ये तुकडा कापून काढणं. टेलर म्हणजे शिंपी त्याच कुळातला. अख्खं थान विकतो तो घाऊक, त्यातून वार कापून देतो तो किरकोळ. मेनरोडवरचं 'कटपीस सेंटर' हे रिटेलचं शब्दशः भाषांतर आहे.

आता पाटीचं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं होतं. म्हणजे तुमचा शब्द आधी देवनागरीत डोळ्यांना बरा दिसायला हवा, इंग्रजी नंतर. 'मार्ट' लहान आणि ठसठशीत दिसतो, हे दिरांच्या बाजूने कबूल. 'स्टोअर्स' लांब जातो, त्यामुळे अक्षराची उंची थोडी कमी करावी लागते. 'स्टोर्स' लिहून जागा वाचवणारे आहेत. मी 'स्टोअर्स'च लिहितो.

आणि नावच वेगळं करायचं असेल तर आधी सीएला विचारा. दुसरी जागा त्याच जीएसटी नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवणार असाल तर व्यापारी नाव एकच असणं सोयीचं, शिवाय तो क्रमांक दारावरच्या पाटीवर लिहावाच लागतो. पंचवटीत एक नाव आणि गंगापूर रोडला दुसरं, असं झालं की बिलबुक, पिशव्या, शिक्के सगळं दुप्पट.

माझ्या हातात असतं तर मी सासऱ्यांचंच नाव आणि 'प्रोव्हिजन स्टोअर्स' दोन्हीकडे ठेवलं असतं, खाली बारीक अक्षरात 'किराणा, सुकामेवा व जनरल'. गंगापूर रोडला नवे फ्लॅट, नवी माणसं, त्यांना हे जुनाट वाटेल असं दीर म्हणतील. पण त्याच फ्लॅटमध्ये पंचवटीतून, जुन्या नाशकातून राहायला गेलेली माणसं आहेत, आणि ती पाटी ओळखतील. दिरांचा हट्ट असेलच तर गाळ्याच्या आत, रॅकच्या वर 'मार्ट' लिहून घ्या, मी फुकट करून देतो.

एक काम आजच करा. पंचवटीच्या जुन्या पाटीचा अगदी सरळ समोरून, सकाळच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. हाताने रंगवलेली असेल तर ती अक्षरं संगणकावर उचलून जशीच्या तशी नव्या बोर्डावर घेता येतात. रंगाच्या दुकानात दाखवण्यासाठी पोपडा उडालाय तिथला एक तुकडाही जपून ठेवा, आणि पाटी उतरवलीत तर भंगारात देऊ नका.